नवा कॉम्प्युटर घेतलाय? जुने मेल सोबत कसे न्यायचे

बाबांचा कॉम्प्युटर बदलला तेव्हा त्यांची मेलची फाइल मी स्वतः कॉपी करून नव्या कॉम्प्युटरवर ठेवली. आउटलुकमध्ये खातं जोडलं, इनबॉक्स भरलेला दिसला, आणि काम झालं असं समजून जुनी डिस्क त्याच संध्याकाळी पुसून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी विचारलं, "अरे, माझे कॉन्टॅक्ट्स कुठायत?" इनबॉक्समधले मेल सर्व्हरवरून नव्याने उतरले होते. मी काळजीने आणलेली फाइल आउटलुकने उघडलीच नव्हती, आणि ती उघडू शकणारं जुनं प्रोफाइल (आउटलुकमधली खात्यांची आणि फायलींची मांडणी) मी पुसून बसलो होतो. बाबांची जुनी डायरी समोर ठेवून आम्ही दोघांनी पुढचे तीन रविवार ते पत्ते हाताने भरले. वाढदिवसांच्या आणि औषधांच्या नोंदी असलेलं कॅलेंडर मात्र गेलं ते गेलंच.

त्यानंतर घरातले, ऑफिसातले, मित्रांचे असे बरेच कॉम्प्युटर माझ्या हातून बदलून झाले. दर वेळी एकच गोष्ट दिसली: फाइल कॉपी करणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. चूक होते ती त्याच्या आधी, काय कुठे साठलंय हे न बघता हात घातल्यावर. म्हणून पहिल्या तीन पायऱ्यांना मी जास्त जागा दिली आहे. तुम्हीही त्यांना जास्त वेळ द्या.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि त्यामुळे अनेकांनी कॉम्प्युटर बदलले, अजूनही बदलत आहेत. म्हणून हा लेख मुख्यतः विंडोजवरच्या क्लासिक आउटलुकसाठी, म्हणजे ऑफिसबरोबर येणाऱ्या आउटलुकसाठी आहे. थंडरबर्ड हा दुसरा मेलचा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांसाठी शेवटाकडे वेगळी पायरी आहे.

आधी हे हाताशी ठेवा

- जुना कॉम्प्युटर, चालू स्थितीत. त्यातलं काहीही अजून काढू नका.
- एक एक्स्टर्नल डिस्क किंवा पेनड्राइव्ह, मेलच्या सगळ्या फायलींच्या दुप्पट तरी जागा असलेला.
- प्रत्येक ईमेल खात्याचा पासवर्ड. आउटलुकने तो लक्षात ठेवलेला असतो, तुम्ही नाही. आणि आउटलुकच्या डेटा फाइलबरोबर पासवर्ड येत नाहीत.
- दोन टप्प्यांची पडताळणी लावली असेल तर कोड येतो तो फोन.
- स्वतःच्या डोमेनचं खातं असेल तर सर्व्हरची नावं आणि पोर्ट क्रमांक. सुरक्षित जोडणीसाठी साधारणपणे आयमॅपला ९९३, पॉपला ९९५ आणि मेल पाठवण्यासाठी ५८७ किंवा ४६५ असतो (आयमॅप आणि पॉप म्हणजे काय ते पायरी १ मध्ये आहे). जुन्या कॉम्प्युटरवरच्या सेटिंगचा फोनने फोटो काढून ठेवला तरी चालतं.
- ऑफिसचं लायसन्स ज्या खात्याला जोडलंय त्याचं लॉगिन.
- डेटा फाइलला वेगळा पासवर्ड दिला असेल तर तो. फाइल कुठेही नेली तरी हा पासवर्ड तिला चिकटलेलाच राहतो.
- कागद आणि पेन. हे खरंच घ्या.

पायरी १: तुमचं खातं कोणत्या प्रकारचं आहे ते बघा

जुन्या कॉम्प्युटरवर आउटलुक उघडा. "फाइल" मेनूत जा, "अकाउंट सेटिंग्ज" दाबा आणि खाली उघडणाऱ्या यादीतून पुन्हा "अकाउंट सेटिंग्ज" निवडा. जी खिडकी उघडेल तिच्या पहिल्या टॅबवर तुमची खाती दिसतील आणि समोर "टाइप" या रकान्यात प्रकार. त्या एका शब्दावर पुढचं सगळं काम अवलंबून आहे.

*पॉप* लिहिलं असेल तर तुमचे मेल सर्व्हरवरून उतरून तुमच्या कॉम्प्युटरवर साठलेत. सर्व्हरवर त्यांची प्रत असेलच असं नाही. बहुतेक वेळा जुन्या मेलची नसतेच. म्हणजे कॉम्प्युटरवरची फाइल हीच एकमेव प्रत. या लोकांनी सगळ्यात जास्त जपायला हवं.

*एक्स्चेंज* किंवा मायक्रोसॉफ्ट ३६५ चं खातं असेल तर मेल, कॉन्टॅक्ट, कॅलेंडर सगळं सर्व्हरवर असतं. कॉम्प्युटरवर असते ती त्याची प्रत. नव्या कॉम्प्युटरवर खातं जोडलं की सगळं आपोआप उतरतं. फाइल नेण्याची गरजच नाही.

*आयमॅप* हा मधला प्रकार आहे आणि मी फसलो तो इथेच. मेल सर्व्हरवर असतात, ते परत उतरतात. पण क्लासिक आउटलुकमध्ये आयमॅप खात्याचे कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर सर्व्हरवर जातच नाहीत. त्या फोल्डरच्या नावापुढे कंसात "धिस कॉम्प्युटर ओन्ली" असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, म्हणजे फक्त याच कॉम्प्युटरवर. बाबांच्या स्क्रीनवर ते कित्येक वर्षं तसंच लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नव्हतं. डावीकडच्या यादीत ही अक्षरं कुठे दिसतात का ते आत्ताच बघा. दिसली तर त्या प्रत्येक फोल्डरचं नाव कागदावर लिहा.

एकाच आउटलुकमध्ये तीनही प्रकारची खाती असू शकतात. प्रत्येकाचा प्रकार वेगळा लिहा.

पायरी २: फायली शोधा, सगळ्या

त्याच खिडकीत "डेटा फाइल्स" नावाचा टॅब आहे. तिथे आउटलुकला जोडलेल्या सगळ्या फायली, त्यांच्या पत्त्यासह दिसतात. एखाद्या ओळीवर क्लिक करून "ओपन फाइल लोकेशन" दाबलं की तो फोल्डर थेट उघडतो.

फायली दोन जातीच्या असतात, आणि नावाच्या शेवटच्या तीन अक्षरांवरून त्या ओळखायच्या.

पीएसटी ही स्वतंत्र फाइल. पॉप खात्याचे मेल, जुने मेल बाजूला काढून केलेलं अर्काइव्ह, हाताने केलेला बॅकअप, हे सगळं पीएसटीत असतं. ही कोणत्याही कॉम्प्युटरवरच्या क्लासिक आउटलुकमध्ये उघडते.

ओएसटी ही सर्व्हरची स्थानिक प्रत. ज्या प्रोफाइलने ती बनवली त्याच्याशी ती बांधलेली असते. दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन ती सरळ उघडता येत नाही. आउटलुक २०१३ पासून आयमॅप खात्यांसाठीही ओएसटीच वापरली जाते. २०१० पर्यंत तिथे पीएसटी असायची. म्हणून कुणाच्या जुन्या अनुभवावरून "मी तर आयमॅपची फाइल नेली होती, उघडली की" असं ऐकलंत तरी त्यावर विसंबू नका.

शेवटची तीन अक्षरं दिसत नसतील तर फाइल एक्सप्लोररच्या "व्ह्यू" मेनूत "फाइल नेम एक्स्टेन्शन्स" सुरू करा. आउटलुक २०१० आणि त्यानंतरच्या आवृत्त्या पीएसटी सहसा "डॉक्युमेंट्स" मधल्या "आउटलुक फाइल्स" या फोल्डरात ठेवतात. ओएसटी आणि फार जुन्या पीएसटी "ॲपडेटा" फोल्डरात "लोकल", "मायक्रोसॉफ्ट", "आउटलुक" अशा क्रमाने आत गेल्यावर सापडतात. "ॲपडेटा" तुमच्या नावाच्या फोल्डरात ("यूझर्स" मध्ये) लपवलेला असतो. "व्ह्यू" मधूनच "हिडन आयटम्स" सुरू केलं की दिसतो.

आता एक गोष्ट जी बहुतेक जण सोडतात. "डेटा फाइल्स" टॅबवर फक्त *जोडलेल्या* फायली दिसतात. कधीतरी बंद करून ठेवलेलं २०१२ चं अर्काइव्ह तिथे दिसणार नाही, पण डिस्कवर कुठेतरी पडलेलं असेल. फाइल एक्सप्लोररमध्ये पूर्ण सी ड्राइव्ह निवडा, शोधाच्या चौकटीत तारांकन, टिंब आणि पीएसटी ही तीन इंग्रजी अक्षरं सलग टाइप करा, आणि चहा होईपर्यंत शोधू द्या. दुसरा ड्राइव्ह असेल तर त्यावरही शोधा. सापडलेल्या प्रत्येक फाइलचं नाव, जागा आणि आकार कागदावर लिहा. अशा शोधात एका मैत्रिणीला तिच्या नोकरीच्या पहिल्या चार वर्षांचे मेल सापडले. ते कधीच गेले असं ती धरून चालली होती.

पायरी ३: ओएसटीत अडकलेलं बाहेर काढा

एक्स्चेंजवाल्यांनी ही पायरी सोडली तरी चालेल. आयमॅपवाल्यांनी, आणि ज्यांच्या यादीत "धिस कॉम्प्युटर ओन्ली" दिसलं त्या सगळ्यांनी, सोडू नये.

1. "फाइल" मेनूतून "ओपन अँड एक्स्पोर्ट" आणि मग "इम्पोर्ट-एक्स्पोर्ट" निवडा.
2. "एक्स्पोर्ट टू अ फाइल" घ्या, पुढे "आउटलुक डेटा फाइल" घ्या. इथे सीएसव्हीचाही, म्हणजे साध्या तक्त्याच्या फाइलचाही, पर्याय असतो. तो घेऊ नका. त्यात कॉन्टॅक्टचे फोटो आणि कॅलेंडरमधल्या पुनरावृत्तीच्या नोंदी नीट राहत नाहीत.
3. फोल्डरांच्या यादीत खात्याचं सगळ्यात वरचं नाव निवडा आणि "इन्क्लूड सबफोल्डर्स" वर खूण करा. फक्त इनबॉक्स निवडला तर फक्त इनबॉक्सच जाईल.
4. फाइलला ओळखू येईल असं नाव द्या. "बॅकअप" असं नाव देऊ नका. वर्षभराने तशा चार फायली असतात. खात्याचं नाव आणि तारीख घाला.
5. पासवर्ड विचारेल. द्यायचा नसेल तर रिकामा ठेवून पुढे जा. दिलात तर लिहून ठेवा.

आउटलुकमध्ये "मेल टू कीप ऑफलाइन" नावाची एक सरकपट्टी असते. ती एका वर्षावर असेल तर कॉम्प्युटरवर एका वर्षाचेच मेल उतरलेले असतात आणि एक्स्पोर्टमध्येही तेवढेच येतात. बाकीचे सर्व्हरवर सुखरूप असतात, पण "माझ्याकडे संपूर्ण बॅकअप आहे" असं समजून कुणी सर्व्हरवरचं खातं बंद केलं तर मोठं नुकसान होतं. नोकरी सोडताना हे विशेष लक्षात ठेवा.

पायरी ४: फाइल धडधाकट आहे ना?

आउटलुक सारखं अडकत असेल, एखादा फोल्डर उघडताना चूक दाखवत असेल, तर फाइल हलवण्याआधी दुरुस्त करा. ऑफिसच्याच फोल्डरात "स्कॅनपीएसटी" नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो. आउटलुक बंद करून तो चालवा, फाइल दाखवा, आणि दुरुस्तीआधी बॅकअप घेण्याची खूण काढू नका. मोठ्या फाइलला तास-दोन तास लागू शकतात.

आकाराकडेही बघा. आउटलुक २००२ पर्यंतच्या जुन्या घडणीच्या पीएसटीला २ जीबीची मर्यादा होती. २००३ पासूनच्या नव्या घडणीत ती २० जीबी झाली आणि २०१० पासून ५० जीबी. मर्यादेच्या जवळ पोचलेली फाइल नव्या कॉम्प्युटरवर मुख्य फाइल म्हणून वापरू नका. तिथे नवी फाइल सुरू करून जुनी नुसती जोडून ठेवा.

पायरी ५: आउटलुक बंद करा आणि कॉपी करा

आउटलुक बंद म्हणजे खिडकी बंद नव्हे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि यादीत आउटलुक नाही ना याची खात्री करा. मागे चालू असेल तर फाइल कॉपीच होणार नाही.

आता पेनड्राइव्ह. तो बाजारातून आला तसा एफएटी३२ घडणीचा असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल त्यावर जाणार नाही. ड्राइव्ह ६४ जीबीचा असो नाहीतर २५६ चा, विंडोज सांगतं की फाइल या ठिकाणासाठी फार मोठी आहे. लोकांना वाटतं जागा संपली, आणि ते फायली पुसत बसतात. पुसू नका. पेनड्राइव्हवर राइट क्लिक, "प्रॉपर्टीज", "फाइल सिस्टिम" ही ओळ बघा. एफएटी३२ असेल तर त्यावरचं आधी दुसरीकडे काढून तो एक्सएफएटी किंवा एनटीएफएस मध्ये फॉरमॅट करा.

कॉपी करा, कट करू नका. मध्येच केबल निघाली तर कट केलेल्या फायलींपैकी काही इकडे, काही तिकडे आणि एखादी अर्धवट, असा गोंधळ उरतो.

कॉपी झाल्यावर मी एक गोष्ट न चुकता करतो. जुन्या डिस्कवरच्या फाइलवर राइट क्लिक, "प्रॉपर्टीज", आणि "साइझ" या ओळीत कंसात दिलेला बाइट्सचा पूर्ण आकडा कागदावर लिहितो: समजा ७,४१२,८८९,६००. मग पेनड्राइव्हवरच्या प्रतीचा तोच आकडा बघतो. एकेक अंक जुळला पाहिजे. खालची "साइझ ऑन डिस्क" ही ओळ वेगळी असू शकते, तिच्याकडे लक्ष देऊ नका. या अर्ध्या मिनिटाने एकदा मला अर्धवट कॉपी झालेली फाइल पकडून दिली आहे, आणि ती एका छोट्या व्यवसायाच्या सगळ्या ऑर्डरींची होती.

पायरी ६: फाइलबाहेर राहणाऱ्या छोट्या गोष्टी

पीएसटीत सगळं असतं असं वाटतं, पण नसतं.

मेलखालच्या सह्या "ॲपडेटा" मधल्या "रोमिंग", "मायक्रोसॉफ्ट", "सिग्नेचर्स" या फोल्डरात असतात. पूर्ण फोल्डर उचला. सहीत लोगो असेल तर त्याचा वेगळा उपफोल्डरही त्यात असतो. त्याच "मायक्रोसॉफ्ट" फोल्डरात "टेम्प्लेट्स" मध्ये तयार मजकुराचे साचे असतात आणि "यूप्रूफ" मध्ये तुम्ही शब्दकोशात घातलेले शब्द. मराठीत लिहिणाऱ्यांनी तो शेवटचा फोल्डर विसरू नये. वर्षानुवर्षं एकेक नाव, आडनाव शिकवलेलं असतं.

मेल आपोआप वेगवेगळ्या फोल्डरात टाकणारे नियम "रूल्स अँड अलर्ट्स" मधल्या "ऑप्शन्स" मधून एक्स्पोर्ट होतात.

"टू" मध्ये दोन अक्षरं लिहिली की खाली पत्ते सुचतात, ती यादी मात्र दर वेळी सोबत येईलच असं नाही. त्यातले महत्त्वाचे पत्ते आधीच कॉन्टॅक्ट्समध्ये घालून ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण खात्रीचं तेवढं एकच.

पायरी ७: नव्या कॉम्प्युटरवर फाइल कुठे ठेवायची

पेनड्राइव्हवरून थेट उघडू नका. आधी कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर कॉपी करा आणि बाइट्स पुन्हा एकदा जुळवा.

नव्या कॉम्प्युटरवर "डॉक्युमेंट्स" फोल्डर बरेचदा वनड्राइव्हशी, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्याशी, जोडलेला येतो. चालू पीएसटी तिथे ठेवली तर प्रत्येक नव्या मेलबरोबर फाइल बदलते आणि काही जीबीची फाइल ढगात चढवायचा खटाटोप सतत सुरू राहतो. मी सी ड्राइव्हवर एक वेगळा साधा फोल्डर करतो आणि तिथे ठेवतो. नेटवर्कवरच्या सामायिक डिस्कवरही चालू पीएसटी ठेवू नये. ती तिथे सहज खराब होते आणि मायक्रोसॉफ्टही अशा वापराला आधार देत नाही.

जुन्या सीडी-डीव्हीडीवरून आणलेली फाइल असेल तर "प्रॉपर्टीज" मध्ये "रीड ओन्ली" ची खूण काढा. नाहीतर आउटलुक ती नीट वापरू शकणार नाही आणि चूक झाल्याचा संदेश दाखवत राहील.

पायरी ८: आउटलुकला ओळख करून द्या

आधी बघा, समोर उघडलंय ते कोणतं आउटलुक. नव्या विंडोजबरोबर "नवं आउटलुक" येतं. जुनं "मेल" ॲप वापरणाऱ्यांनाही तिकडेच पाठवलं गेलं, कारण त्या ॲपचा आधार ३१ डिसेंबर २०२४ ला संपला. नव्या आउटलुकमध्ये पीएसटीची सोय क्लासिकपेक्षा मर्यादित आहे. पीएसटीवर रोजचं काम चालत असेल तर ऑफिसबरोबर येणारं क्लासिक आउटलुकच बसवा. वर "फाइल" मेनू दिसत असेल तर ते क्लासिक.

*पॉप खातं असेल तर* घाई करून आउटलुकला आपोआप खातं जोडू देऊ नका. ते एक नवी रिकामी पीएसटी बनवेल, नवे मेल तिच्यात पडतील, जुने दुसरीकडे राहतील, आणि महिन्याभराने तुम्ही दोन इनबॉक्स घेऊन बसाल. त्याऐवजी कंट्रोल पॅनेलमधून "मेल" उघडा, खातं हाताने भरा, आणि नवे मेल कुठे टाकायचे असं विचारलं की "एक्झिस्टिंग आउटलुक डेटा फाइल" निवडून आणलेली फाइल दाखवा.

दोन इनबॉक्स आधीच झाले असतील तर घाबरू नका. "डेटा फाइल्स" टॅबवर आणलेली फाइल निवडून "सेट अ‍ॅज डिफॉल्ट" करा. मग "ईमेल" टॅबवर खातं निवडून खालच्या "चेंज फोल्डर" ने त्याच फाइलचा इनबॉक्स दाखवा. आउटलुक बंद करून उघडा. दरम्यान नव्या फाइलमध्ये आलेले मेल ओढून जुन्या इनबॉक्समध्ये टाका आणि मगच ती रिकामी फाइल काढा.

*आयमॅप किंवा एक्स्चेंज असेल तर* खातं नेहमीसारखं जोडा, मेल उतरू द्या. मग पायरी ३ मध्ये पीएसटी केली असेल तर ती "फाइल", "ओपन अँड एक्स्पोर्ट", "ओपन आउटलुक डेटा फाइल" या मार्गाने उघडा. ती डावीकडे वेगळी दिसेल. त्यातले कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर हवे तिथे कॉपी करा.

"ओपन" आणि "इम्पोर्ट" यांतला फरक इथे महत्त्वाचा आहे. "ओपन" ने फाइल जशी आहे तशी जोडली जाते, फोल्डरांची रचना तीच राहते आणि चूक झाली तर ती बंद करता येते. "इम्पोर्ट" ने आतलं सगळं दुसऱ्या फाइलमध्ये ओतलं जातं. दोनदा झालं तर दुप्पट मेल, आणि ते निवडून काढायला आठवडा जातो. मी जवळजवळ नेहमी "ओपन" च वापरतो.

मेल पाठवताना कॉन्टॅक्ट सुचत नसतील तर कॉन्टॅक्ट्सच्या फोल्डरवर राइट क्लिक, "प्रॉपर्टीज", "आउटलुक ॲड्रेस बुक" या टॅबवर फोल्डर ॲड्रेस बुकमध्ये दाखवण्याची खूण करा.

पायरी ९: पॉपवाल्यांसाठी, सर्व्हरवरची प्रत

जुन्या कॉम्प्युटरवर "लीव्ह अ कॉपी ऑफ मेसेजेस ऑन सर्व्हर" सुरू असेल तर सर्व्हरवर अजून असलेले सगळे मेल नव्या कॉम्प्युटरवरचं आउटलुक "नवीन" समजून पुन्हा उतरवेल. काही हजार मेल दोनदा दिसले तर कारण हेच. पहिल्यांदा उतरू द्या, ते कोणत्या तारखांचे आहेत ते बघा, आणि तेवढे काढा.

याच्या उलटा धोका जास्त वाईट. दोन्ही कॉम्प्युटर चालू असतील आणि जुन्यावर ही खूण नसेल, तर जुना कॉम्प्युटर मेल उतरवून सर्व्हरवरून पुसतो, आणि नव्यावर तो मेल कधीच येत नाही. नवा सुरू केल्याच्या क्षणापासून जुन्या आउटलुकमध्ये "सेंड-रिसीव्ह" टॅबवर "वर्क ऑफलाइन" दाबून ठेवा.

पायरी १०: तपासणी

इनबॉक्स भरलेला दिसणं म्हणजे काम झालं असं नाही. दोन्ही कॉम्प्युटर शेजारी ठेवून हे बघा:

- सगळ्यात जुना मेल दोन्हीकडे एकाच तारखेचा आहे का.
- फोल्डरवर राइट क्लिक, "प्रॉपर्टीज", "शो टोटल नंबर ऑफ आयटम्स". चार-पाच मोठ्या फोल्डरांचे आकडे जुळवा. "सेंट आयटम्स" धरून.
- पाच वेगवेगळ्या वर्षांतली अटॅचमेंट उघडून बघा. नुसतं नाव दिसणं पुरेसं नाही.
- कॉन्टॅक्टची संख्या. कॅलेंडरमध्ये गेल्या वर्षीचा आणि पुढच्या वर्षीचा एकेक महिना.
- स्वतःलाच एक मेल पाठवा. सही बरोबर येते का आणि मेल योग्य इनबॉक्समध्ये पडतो का ते बघा.

शोध चालत नाही म्हणून पहिल्या दिवशी घाबरू नका. विंडोजला हजारो मेलची सूची नव्याने बनवायला वेळ लागतो. कॉम्प्युटर रात्रभर चालू ठेवा.

पायरी ११: थंडरबर्ड वापरत असाल तर

इथे काम बरंच सोपं आहे. मेल, पत्ते, नियम, सेटिंग, पासवर्ड, सगळं एका प्रोफाइल फोल्डरात असतं. "हेल्प" मेनूतल्या "ट्रबलशूटिंग इन्फॉर्मेशन" मध्ये "प्रोफाइल फोल्डर" च्या ओळीत "ओपन फोल्डर" दाबलं की तो उघडतो. थंडरबर्ड बंद करा आणि "ॲपडेटा", "रोमिंग" मधला "थंडरबर्ड" हा पूर्ण फोल्डर कॉपी करा. नव्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड बसवा, एकदा उघडून बंद करा, आणि त्याच जागी हा फोल्डर ठेवा.

नव्या आवृत्त्यांत "टूल्स" मध्ये "एक्स्पोर्ट" आहे. प्रोफाइल २ जीबीपेक्षा लहान असेल तर तो वापरा. मोठं असेल तर वरचीच पद्धत.

तीन ठिकाणी लोक अडकतात. एक, "मेल" उपफोल्डरात "इनबॉक्स" नावाच्या दोन फायली असतात. जिच्यामागे एमएसएफ ही अक्षरं आहेत ती नुसती सूची, थोड्या एमबीची. जिच्यामागे काहीच नाही ती खरी मेलची, कदाचित तीन-चार जीबीची. तिला चिन्ह नसतं म्हणून कचरा समजून ती मागे ठेवणारे मी पाहिले आहेत. दोन, "अकाउंट सेटिंग्ज" मध्ये प्रत्येक खात्याची "लोकल डिरेक्टरी" बघा. कुणी ती कधी दुसऱ्या ड्राइव्हवर हलवली असेल तर प्रोफाइल फोल्डर कॉपी करून मेल येणार नाहीत. तीन, नव्या कॉम्प्युटरवर जुन्यापेक्षा जुनी आवृत्ती बसवू नका. पुढच्या आवृत्तीने वापरलेलं प्रोफाइल मागची आवृत्ती उघडत नाही.

या फोल्डरात तुमचे पासवर्डही आहेत. थंडरबर्डचा प्राथमिक पासवर्ड (बाकीच्या पासवर्डांना कुलूप लावणारा) लावला नसेल तर फोल्डर ज्याच्या हाती, त्याला ते दिसू शकतात. काम झालं की पेनड्राइव्हवरून तो काढून टाका.

पायरी १२: जुना कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर

डिस्क शाबूत असेल तर मेलही शाबूत असतात. डिस्क काढून यूएसबीच्या जोडणीने नव्या कॉम्प्युटरला लावा, "यूझर्स" मध्ये तुमच्या नावाच्या फोल्डरात जा आणि पायरी २ मधल्या जागा तपासा. डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्कच्या कुलपाने, कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठलेली असते. पीएसटी मिळाली की पायरी ७ पासून पुढे. डिस्कमधून खटखट असा आवाज येत असेल तर मात्र पुन्हा पुन्हा लावून बघू नका, लगेच बंद करा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणकाराकडे द्या. प्रत्येक प्रयत्नाने ती आणखी बिघडते.

पायरी १३: जुना कॉम्प्युटर कधी पुसायचा

दोन महिने थांबा. रोज लागणाऱ्या गोष्टी पहिल्या दोन दिवसांतच तपासल्या जातात, पण वर्षातून एकदाच उघडला जाणारा विम्याचा किंवा कराचा फोल्डर त्यानंतर कधीतरी आठवतो. तोवर जुना कॉम्प्युटर आउटलुक ऑफलाइन करून, बंद करून कपाटात ठेवा. कुणाला द्यायचाच असेल तर निदान त्यातले "ॲपडेटा" आणि "डॉक्युमेंट्स" हे दोन फोल्डर पूर्णच्या पूर्ण एका एक्स्टर्नल डिस्कवर उतरवून घ्या, आणि डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवा.